एकशेवीस पट लहान बार्शी लाइट: घरात टीटी रूळ मांडायचा असेल तर

टीटी म्हणजे खऱ्या गाडीच्या 120 पट लहान मॉडेल रेल्वेचं माप, आणि बार्शी लाइट म्हणजे आमच्या लातूरला येणारी जुनी नॅरोगेज गाडी. आधी एक आकडा पाठ करून टाका: 12 मिलिमीटर. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं हे अंतर. विलायतेत खरा रूळ 1435 मिमी रुंदीचा असतो. त्याला 120 ने भागा, 11.96 येतात, म्हणजे 12 च. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे माप चुकलं की इंजिन खाली उतरलंच म्हणून समजा.

मी लातूरचा सोनार. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यांतल्या एकावर माझी पेढी आहे. पेढी म्हणायची आपली, दहा बाय आठची खोली आणि एक ऐरण. हल्ली दागिना मुंबईहून मशीनवर पडून येतो, आमच्याकडे येते ती तुटकी साखळी आणि सैल झालेलं जोडवं. हात मोकळे राहू लागले, तेव्हा सहा वर्षांपूर्वी ब्रिटिश मॉडेल रेल्वेचं वेड लागलं. सुरुवात ओओ मापाने केली, दोन वर्षांत सोडली. आता टीटी:120. चुका भरपूर केल्या आहेत, त्या तुम्ही करू नका एवढ्यासाठी हे लिहितोय.

हेच माप का

इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त चालतं ते ओओ. वरचा डबा 1:76.2 पटीत आणि खालचा रूळ 16.5 मिमी. आता 16.5 ला 76.2 ने गुणा. 1257 मिमी येतात. हवे होते 1435. म्हणजे ओओची प्रत्येक गाडी अरुंद रुळावर उभी असते, लठ्ठ माणसाने लहान मुलाच्या चपला घालाव्यात तशी. समोरून बघितलं की मला ते खुपायचं. गुंजेचा हिशेब करणाऱ्या डोळ्याला 178 मिमीचा खोट सहन होत नाही. तिथले लोक मात्र कित्येक पिढ्या सुखाने ते चालवतायत, त्यांचं त्यांना लखलाभ.

दुसरी अडचण जागेची. ओओचं नेहमीचं दुसऱ्या नंबरचं वळण 438 मिमी त्रिज्येचं. गोल पुरा करायला तीन फूट रुंदी लागते. आमच्या घरात तीन फूट रुंदीची मोकळी जागा म्हणजे दिवाण, आणि दिवाणावर आई झोपते. टीटीमध्ये 310 मिमी त्रिज्येवर गोल बसतो, अडीच फुटांत काम होतं. त्याहून लहान एन माप आहे, ब्रिटिश एन 1:148 चं. ते फार नाजूक. माझ्या वयाला भिंगाशिवाय दिसत नाही, आणि भिंग लावून खेळायचं तर दुकानातच बसलेलं काय वाईट?

टीटी म्हणजे टेबलटॉप. नाव अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धानंतरचं. इंग्लंडमध्ये हे माप एकदा येऊन गेलेलं आहे, हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी आशा आणि सगळी धास्ती तिथेच आहे. 1957 साली ट्राय-अँग कारखान्याने टीटी काढलं, पण पट घेतली 1:101.6 ची आणि रूळ तोच 12 मिमी. गुणून बघा: 1219 मिमी, बरोबर चार फूट. म्हणजे ओओचाच दोष, थोडा जास्तच. पुढच्या दशकात एन माप आलं आणि हे मागे पडलं. काही निष्ठावंतांनी 1965 मध्ये आपली संस्था काढून ते जिवंत ठेवलं, पण दुकानातून ते गेलं. त्याच काळात पूर्व जर्मनीत मात्र 1:120 धरून टीटी सुरू झालं आणि तिकडे ते आजतागायत टिकून आहे. शेवटी 2022 साली डेव्हनच्या पेकोने आणि मार्गेटच्या हॉर्नबीने ब्रिटिश गाड्यांसाठी हेच 1:120 माप उचललं. दोन मोठे कारखाने, जर्मनांशी जुळणारी पट आणि रुळाला साजेसा डबा, अशी तिन्ही गोष्टींची गाठ पहिल्यांदाच पडली आहे.

फळी

चार फूट बाय अडीच फूट, 12 मिमीचा प्लाय, खाली दोन इंची पट्ट्यांची चौकट. सुताराला सांगताना "टेबल कर" म्हणू नका, तो सनमायका लावून देतो आणि त्यावर काहीच चिकटत नाही. "कॅरमबोर्डासारखी चौकट, वर कोरा प्लाय" असं सांगा. कापायच्या आधी घराचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. माझी पहिली फळी जिन्यात अडकली, तिची एक बाजू अजून घासलेली आहे आणि भिंतीवरचा ओरखडा बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

प्लायवर रूळ थेट ठोकला तर गाडीचा आवाज गिरणीसारखा येतो. मध्ये 3 मिमीचं कॉर्क किंवा फोम शीट घाला. चपलांना तळ लावणाऱ्याकडे फोम स्वस्तात मिळतो.

रूळ

हॉर्नबीचा रूळ कोड 80, पेकोचा कोड 55. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाचे हजार भाग केले तर त्यातले किती. 55 म्हणजे 1.4 मिमीच्या जरा आत. तिला 120 ने गुणलं की 168 मिमी येतात. आपल्याकडे मेन लाइनला मीटरला 60 किलोचा रूळ असतो, त्याची उंची 172 मिमी. इतकं जवळ! कोड 80 गुणला तर 244 भरतात, असा रूळ जगात कुठे नसेल. तरी पहिल्या फळीला सेटमधला, म्हणजे इंजिन-डब्यांसोबत खोक्यात येणारा, कोड 80 चाच वापरा. तो दणकट आहे, दहा वेळा काढ-घाल सोसतो. गोल मांडा, चालवा, मोडा, परत मांडा. आमच्याकडे या पहिल्या गोलाला गंजगोलाई म्हणतात. गाडी फिरते आणि कुठेच जात नाही.

मन भरलं की पेकोचा वळता रूळ घ्या, एक गजाचा, 914 मिमी. वळणावर दोन तुकड्यांचा जोड येणार असेल तर आधी सरळ असतानाच जोडाला डाग द्या, म्हणजे सोल्डर करा, आणि मग दोन्ही मिळून वाकवा. उलटं केलं तर जोडावर कोपरा पडतो आणि इंजिन नेमकं तिथेच मान टाकतं.

डाग देणं हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणून पहिल्याच दिवशी मी जास्त शहाणपणा केला. टाकणखार लावला, फुंकणी घेतली आणि ज्योतीवर रूळ जोडायला बसलो. रुळाचं काही झालं नाही. खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर मेणासारखे वितळून प्लायला चिकटले. अर्धा गज गेला. तेव्हा सोनार असाल तरी 25 वॉटचं साधं सोल्डरिंग आयर्नच घ्या, टोक बारीक ठेवा, रोझिनवाली तार वापरा, आम्लाची पेस्ट नको, ती पुढे हिरवी पडते. जोडाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चिमटे लावा, म्हणजे उष्णता तेच पितात. दोन सेकंदांत डाग बसला नाही तर हात उचला, गार होऊ द्या, परत या. रेटत राहू नका.

जोड सगळेच पक्के करू नका. लातूरला जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी तीस अंशांचा फरक सहज पडतो. एक गज रूळ तेवढ्यात जवळपास अर्धा मिमी वाढतो. थंडीत मांडत असाल तर दर दुसऱ्या जोडात लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी फट सोडा. उन्हाळ्यात मांडत असाल तर फट नको, तेव्हा रूळ आधीच ताणलेला असतो. पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. एप्रिलमध्ये रूळ सापासारखा उठला.

सांधे, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर नेणारे, पहिल्या फळीला दोनच ठेवा.

वीज

12 व्होल्ट डीसी. सेटसोबत नियंत्रक येतो, तो पुरतो. प्रत्येक वेगळ्या तुकड्याला खालून दोन तारा द्या, लाल आतल्या रुळाला, काळी बाहेरच्या. रंग एकदा ठरवला की मोडायचा नाही. डिजिटल प्रकार आहे, मोबाइलवरूनही इंजिन चालतं, पण ते नंतर.

लाइट गेली तर? स्कूटरची बॅटरी 12 व्होल्टचीच असते. मी तीवर नियंत्रक चालवतो, मध्ये एक अँपिअरचा फ्यूज घालून. फ्यूज विसरू नका. रुळावर चुकून सांडशी पडली तर बॅटरी दयामाया दाखवत नाही.

धूळ हा खरा शत्रू. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आठवड्याला रूळ पुसावा लागतो. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते सुती फडक्याला लावून पुसा. पॉलिश पेपर कधीही नको, त्याने चरे पडतात आणि चऱ्यांत आणखी धूळ बसते.

खडी आणि माती

या भागावर माझं प्रेम आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

रुळाखालची खडी साधारण 50 मिमीची. 120 ने भागली की 0.4 मिमी, म्हणजे बारीक रव्याचा दाणा. मी चक्क रवाच वापरला होता. करड्या रंगात बुडवला, वाळवला, फेविकॉलने चिकटवला, इतका सुंदर दिसला की दोन दिवस नुसता बघत होतो. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. चौथ्या दिवशी लाइन उखडली.

मग क्रशरवरून कच आणली. आपला काळा दगड, बारीक झालेला. मैद्याच्या चाळणीतून चाळायची, वर राहील ती टाकायची. खाली पडेल ती चहाच्या बारीक गाळणीतून पुन्हा, आणि आता वर राहील तीच घ्यायची, नुसती पूड नको. रंग द्यायला नको, आपल्याकडची खरी खडी याच दगडाची आहे. पण थांबा, एक मेख आहे. आपल्या काळ्या दगडात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो. गाडी फिरता फिरता हे कण खेचून घेते आणि महिन्याभरात मोटर कुरकुरायला लागते. आम्ही सोनार कानशीचा कीस जमा केला की त्यावरून चुंबक फिरवून आधी लोखंड काढतो आणि मग सोनं गाळतो. तेच इथे करा. कच कागदावर पसरा, चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा आणि वरून फिरवत राहा, काही चिकटेनासं होईपर्यंत. पहिल्यांदा पिशवीवर काळी मिशी उगवते, दचकू नका.

कच रुळांच्या मध्ये चमच्याने सोडा, जुन्या मेकअपच्या ब्रशने सारखी करा. रुळाच्या आतल्या कडेला एकही कण नको. मग फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी गोळे करून कच वाहून नेतं. ड्रॉपरने थेंब थेंब सोडा. रात्रभर हात लावायचा नाही.

माती शेतातलीच. काळी माती तव्यावर भाजून घ्या, म्हणजे कीड मरते, मग वस्त्रगाळ करा. भाजताना घरात वास सुटतो. पहिल्या वेळी बायको स्वयंपाकघरात आली, तव्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता हे काय करूलालाव?" म्हटलं, "रान भाजूलालो." तेव्हापासून माझा तवा वेगळा आहे.

झाडं विकत घेऊ नका. शेपू बाजारात मिळतो, तो फुलावर येऊ द्यायचा आणि वाळवायचा. त्याची छत्री म्हणजे तयार कडुलिंबाचं झाड, फक्त हिरवा भुसा चिकटवायचा. बाभळीसाठी तुऱ्हाट्यांची शेंड्याकडची टोकं. माणूस 14 मिमीचा होतो, तांदळाचे दोन दाणे उभे ठेवा तेवढा. तांब्याच्या तारेचा करा. फेटा बांधायचा झाला तर एकपदरी दोरा पुरे.

आणि मग बार्शी लाइट

एवढं सगळं जमलं की तुम्हाला वाटेल, आपलीच गाडी का नाही? इथे नीट ऐका. आपली ब्रॉडगेज 1676 मिमी. टीटीत ती 14 मिमी व्हायला हवी, रूळ आहे 12 चा. दोन मिमी कमी पडतात, म्हणजे जो दोष मी ओओला लावला तोच. पूर्णा-परभणीकडची जुनी मीटरगेज घेतली तर 8.3 मिमी हवेत. एन मापाचा 9 मिमी रूळ त्याला चालवता येतो, थोडा सैल. युरोपात त्याला टीटीएम म्हणतात.

पण बार्शी लाइट! तिचा रूळ अडीच फुटी, 762 मिमी. भागा 120 ने. 6.35. आणि झेड मापाचा, म्हणजे एनहूनही लहान मापाचा, रूळ 6.5 मिमी. फरक 0.15 मिमीचा, म्हणजे नखाच्या जाडीपेक्षाही कमी. हा हिशेब मी रात्री अकरा वाजता वहीच्या मागच्या पानावर केला आणि पुन्हा पुन्हा करून बघितला. याला टीटीई म्हणतात.

लहानपणी आषाढीला वडिलांबरोबर याच गाडीने पंढरपूरला गेलोय. डब्यावर माणसं, डब्यात माणसं, पावलं टाकायच्या फळीवर माणसं. चढाला गाडी एवढी हळू व्हायची की पोरं उतरून बाजूने चालायची. वडिलांनी मला खिडकीतून आत टाकलं आणि ते स्वतः कुर्डुवाडीपर्यंत कुठे होते ते मला कधी कळलं नाही.

ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, 1911 मध्ये लातूरला पोचली, 1927 मध्ये मिरजेला. त्याचं तत्त्व साधं होतं: कुठल्याही चाकांच्या जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, मग हलका रूळ पुरतो. गाड्या इकडे यायच्या आधी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून त्या चालवून दाखवल्या. पुढे त्यानेच स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी लाइन बांधली. ती 1904 मध्ये उघडली आणि 1934 मध्ये बंद पडली. आपली मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं चालली. म्हणजे ब्रिटिश मॉडेलवाल्यांच्या आवडीची ती चिमुकली लाइन आपल्या बार्शी लाइटची धाकटी बहीण. तिकडे कोणी टीटीत मॅनिफोल्ड काढली तर आपलं अर्धं काम फुकटात होईल. माझी आशा ती ही.

तोवर आपण आपलं करायचं. पेको झेडचा वळता रूळ बनवते. त्याचे स्लीपर जवळजवळ असतात, कारण ते 1:220 च्या मोठ्या लाइनसाठी केलेले. खालून त्यांना जोडणाऱ्या बारीक दांड्या ब्लेडने कापा आणि स्लीपर सरकवून सहा-सहा मिमीवर आणा. थोडे वाकडे ठेवा, नॅरोगेजला तेच शोभतं. चालती चाकं झेडच्या तयार गाडीची, वरचं घर आपलं.

डब्याला पितळ लागत नाही. जुन्या लग्नपत्रिका घ्या, तो कागद जाड, गुळगुळीत आणि सरळ असतो. बोगीचा डबा 40 फूट लांब, 7 फूट रुंद धरा: टीटीत 102 मिमी आणि 18 मिमी. बाजू कापा, खिडक्या धारदार ब्लेडने आधी आणि बाहेरची कड नंतर, नाहीतर खिडकी कापताना पट्टी फाटते. कापल्यावर कडांना पातळ फेव्हिक्विक ओढून घ्या, कागद प्लॅस्टिकसारखा कडक होतो. रिव्हेट हवेत? मागच्या बाजूने बोथट सुईने टोचा. छताला गोलाई द्यायची तर ओला कागद लाटण्याला गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि रात्रभर ठेवा. माझ्या पहिल्या डब्याच्या आतून बघितलं तर "आमच्या येथे श्रीकृपेकरून" वाचता येतं.

इंजिन किटसन कारखान्याचं, 0-8-4, म्हणजे आठ चालती चाकं आणि मागे चार. ते मी 0.25 मिमीच्या पितळी पत्र्यात घडवतोय, गेली दीड वर्षं. पाण्याच्या टाक्या झाल्या, बॉयलर झाला, खालची आठ चाकं अडली आहेत. झेडमध्ये त्या मापाची आठ चाकं मला सापडलेली नाहीत. दोन बोगींच्या डिझेलची चाकं घालून झाकावीत असं एकाने सुचवलं. ते मला पटत नाही. चोख सांगून तांबं देण्यासारखं वाटतं. पण तुम्ही तसं केलंत तर मी नावं ठेवणार नाही, निदान तुमची गाडी चालेल.

लातूर नॅरोगेजचं शेवटचं स्टेशन होतं, हे फळीसाठी सोयीचं. फळीच्या एका कोपऱ्यात स्टेशन, दोन लाइनी, इंजिन पुढून मागे नेण्यापुरती जागा. बाहेरून 12 मिमीचा गोल फिरू द्या. दोन्ही लाइनी जिथे शेजारी येतात तिथे कुर्डुवाडीसारखा माल उतरवायचा फलाट करा: एका बाजूला छोटी वाघिण, दुसऱ्या बाजूला मोठी, मध्ये पोती. पोती म्हणजे मलमलच्या चिंधीत साबुदाण्याचा चुरा बांधलेला. यालाही मुंग्या लागतात, हे नंतर कळलं. आता वाळू भरतो.

मागवायचं कसं

परदेशातून पार्सल मागवलं तर खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. त्यावर बाकीचे कर वेगळे. मागवण्याआधी चालू दर बघून घ्या. माझा भाचा लीड्सला असतो, किटसनचा कारखाना जिथे होता त्याच गावात. तो येताना बॅगेत थोडंथोडं आणतो. फोनवर कुरकुरतो, "मामा, आई म्हणती चॉकलेट आण, तुम्ही म्हणता चाकं आणा." चॉकलेट वितळतं, असं मी त्याला सांगितलंय.

कोणाला आणायला सांगाल तर क्रम असा ठेवा: आधी एक सेट, मग सुटी चाकं, मग वळता रूळ. इमारती, झाडं, माणसं काहीही नको, ते इथे होतं. दुसरं इंजिन तर मुळीच नको, पहिलं वर्षभर चालवल्याशिवाय.

या मापाचं पुढे काय व्हावं असं मला विचाराल, तर नवी चकचकीत इंजिनं मला नकोत. फ्लाइंग स्कॉट्समन आली, छान आहे. मला हवीत सुटी चाकं, सुट्या बोगी आणि लहान मोटरवाली खालची चौकट, पाकिटात, वेगळी. 1957 चं टीटी एका कारखान्याच्या भरवशावर होतं, त्याने हात आखडला आणि लोक उघडे पडले. या वेळी सुटे भाग बाजारात मुरले तर उद्या कारखाना थांबला तरी घरी बसून घडवणारे थांबणार नाहीत. हे मी सोनार म्हणून बोलतोय. तार आणि पत्रा मिळतोय तोवर घडण बंद पडत नाही.

टँकर

शेवटी एक सोपं काम, नवख्याला उत्साह यावा म्हणून. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर गर्दी होती, मीही होतो. घरात आठ दिवसांचं पाणी पिंपात भरून ठेवायचे ते दिवस.

टाकीला 25 मिमीचा विजेच्या वायरिंगचा पाइप घ्या. तुकडे करून दोन्ही टोकांना गोल बटणं चिकटवा, फुगीर बाजू बाहेर. खाली पुठ्ठ्याची चौकट, टीटीची सुटी चाकं, एक वाघिण साधारण दहा सेंटीमीटर. दहा वाघिणी म्हणजे मीटरभर, फळीच्या सरळ भागात मावत नाहीत, वळणावरून शेपूट लोंबतं. लोंबू द्या. रूळ दोन मिमीने अरुंद आहे हे मला माहीत आहे, पण टाकीच्या सावलीत ते दिसत नाही आणि या एका गाडीपुरतं मी डोळे मिटलेत.

पाण्याचाही हिशेब केला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 120 ने भागायच्या, म्हणजे पाणी 17 लाख 28 हजारांनी. पन्नास हजार लिटरच्या वाघिणीत येतात 29 मिलिलिटर. दहा वाघिणींत मिळून 290, मोठ्या पेल्यात मावतील एवढे. एका टाकीला मी वर भोक ठेवलंय आणि आतून मेण लावलंय. औषधाच्या ड्रॉपरने भरते. शेजारची पोरगी आली की तिला तेवढंच करायचं असतं. भरून झालं की गाडी फळीभर फिरवते, लातूर स्टेशनला आणून थांबवते आणि टाकी काढून कुंडीतल्या तुळशीला घालते.